बाबांच्या पायाखालची ओल

आमच्या इमारतीत पार्किंग आधी मिळालं आणि गाडी नंतर आली. लालबागची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा प्रत्येक खोलीवाल्याला वर एक फ्लॅट आणि खाली तळघरात पांढऱ्या रंगाने आखलेला एक चौकोन मिळाला. फ्लॅटचं काय करायचं ते लोकांना ठाऊक होतं. चौकोनाचं काय करायचं ते बऱ्याच जणांना कळेना. कुणी त्यात जुनं कपाट ठेवलं, कुणी मखराचे थर्माकोलचे खांब. माझा चौकोन दोन वर्षं रिकामा होता आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या मोठ्या भावाला होत होता. दादा राहतो वरळीला. 'सी फेसिंग' असं सगळ्यांना सांगतो. समुद्र दिसतो खरा, पण बाथरूमच्या खिडकीतून, आणि तोही टाचा उंचावल्या तर.

दिवाळीनंतर बाबांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणं गेलं. आई आधीच गेलेली, मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात बाबा आणि मी दोघंच. आठवड्यातून दोनदा त्यांना गिरगावात न्यावं लागे. तिथल्या एका जुन्या दवाखान्यात, गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या बाई बसत. काठी टेकत, पाय ओढत येणारा म्हातारा दिसला की टॅक्सीवाले मान फिरवत.

"माझी गाडी घे," दादा म्हणाला. "घरातलीच आहे. बाहेरच्याला द्यायला जीव होत नाही."

त्याने नवी, जिन्याशिवाय चढता येऊ नये अशी उंच गाडी आधीच ठरवून ठेवली होती, हे मला पुढे कळलं. जुनी गाडी त्याने माझ्या चौकोनात आणून उभी केली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि पोथी सांगावी तशी गाडीची नियमावली सांगितली. त्यातला मुख्य नियम एका खटक्याबद्दल होता. डॅशबोर्डवर एसीच्या बटणांखाली डावी-उजवीकडे सरकणारा एक छोटा खटका होता. एका बाजूला केला की बाहेरची हवा आत येणार, दुसऱ्या बाजूला केला की आतलीच हवा आतल्या आत फिरणार. दादाने तो आतल्या हवेवर ठेवून त्यावर काळी चिकटपट्टीच मारली होती.

"हा उघडायचा नाही. कधीच नाही. मुंबईची हवा म्हणजे विष आहे. आठ वर्षं मी ही गाडी अशीच चालवली."

आठ वर्षं हा माणूस आपलाच उच्छ्वास परत परत आत घेत फिरला, यावरून पुढे मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. पण त्या दिवशी मी मान डोलावली. मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी मी चालवायला शिकले, ती शाळेतल्या गणितासारखी, पास होण्यापुरती.

उन्हाळाभर सगळं ठीक चाललं. जुलैत काच वाफेने धरायला लागली.

पहिल्यांदा झालं ते भायखळ्याच्या पुलाखाली. पाऊस धो धो, मी आणि बाबा गिरगावला निघालेलो, माझी भिजलेली छत्री मागच्या सीटवर आडवी. बाबांना थंडी वाजते म्हणून मी एसी बंद केला. दोन मिनिटांत समोरच्या काचेच्या खालच्या कडेपासून पांढरं काही चढायला लागलं आणि बघता बघता पुढची बस दिसेनाशी झाली. नुसते तिचे लाल दिवे उरले, तेही ताकात पडल्यासारखे. मी ओढणीने काच पुसली. पुसलेल्या जागी तेलकट रेघा उठल्या आणि रेघांवर पुन्हा वाफ धरली. मागून हॉर्नचा गजर. बाबा डाव्या हाताने कसलीतरी खटपट करत होते. मी पाहिलं तर ते नखाने दादाची चिकटपट्टी खरवडत होते.

"बाबा, हात नका लावू! प्लीज!"

त्यांनी हात मागे घेतला. मी अंदाजाने गाडी पुढे घेतली आणि दुभाजकाला लावली. उजवीकडचा दिवा फुटला. एवढंच झालं.

बाबांबद्दल इथे सांगायला हवं. ते गिरणीत होते. पण कापड विणणाऱ्यांत नव्हते, सूत काढणाऱ्यांतही नव्हते. गिरणीत हवेतली ओल सांभाळणारं एक वेगळं खातं असे, त्या खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. विणकामाच्या शेडमध्ये भिंतीवर दोन-दोन थर्मामीटर टांगलेले असत, एक कोरडा आणि एक ओल्या कापडाच्या वातीत गुंडाळलेला. बाबा दर तासाला फिरून दोन्ही आकडे वाचत आणि वहीत लिहीत. दोहोंतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळे आणि त्याप्रमाणे पाण्याचे फवारे कमी-जास्त करत. "हवा सुकी झाली की धागो तुटता, ओली झाली की चिकटता," ते सांगत. शाळेत दादाला कुणी विचारलं की वडील काय करतात, तर तो 'मिलमध्ये सुपरवायझर' म्हणून मोकळा होई. घरी मात्र म्हणे, "बाबा दिवसभर हवा मोजतात." आम्ही दोघंही हसायचो. मीसुद्धा. आमच्या घरात ओल हा विषय ज्या एका माणसाला कळत होता, त्याला ती गाडी धुकं दाखवत होती, आणि मी त्याच्या हातावर चापट मारावी तशी ओरडले होते. पण हे शहाणपण नंतरचं. त्या वेळी मला फक्त फुटलेला दिवा दिसत होता.

संध्याकाळी मी इमारतीच्या ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला: गाडीची काच आतून धुरकट होते, काय करावं? असा प्रश्न टाकण्यापूर्वी माणसाने विचार करावा. आमच्या टॉवरमध्ये शंभराच्या वर फ्लॅट आहेत आणि गाड्या असतील तीस. सल्ले सत्तरच्या वर आले. ज्याने आयुष्यात सायकलही घेतली नाही त्याने सगळ्यात लांब लिहिलं. काचेवर कापलेला बटाटा चोळा. बटाटा नको, शॅम्पू. शॅम्पू नको, दाढीचा फेस. पायमोज्यात मीठ भरून डॅशबोर्डवर ठेवा. विड्याची तंबाखू ओली करून लावा, आमचे मामा लॉरीवर होते, ते हेच करायचे. एकीने गाडीत कापराच्या वड्या ठेवायला सांगितल्या, त्याने म्हणे वास्तुदोषही जातो. सोसायटीचे अध्यक्ष स्वतः तळघरात उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मॅडम, लेडीज ड्रायव्हिंगमध्ये हा प्रॉब्लेम असतोच. तुम्ही लोक काचा बंद करून बोलत बसता. बोलण्याने वाफ होते."

"माझ्या गाडीत दोन माणसं असतात," मी म्हटलं. "त्यातल्या एकाला बोलता येत नाही."

ते म्हणाले, "तरी पण."

मी बटाटा चोळला. लाज वाटते सांगायला, पण चोळला. एम.कॉम. झालेली, पंचवीस वर्षं ऑफिसात लोकांच्या चुका काढणारी बाई मी, तळघरात उभी राहून काचेला बटाटा चोळत होते. दुसऱ्या दिवशी काचेवर पिठूळ थर वाळलेला आणि डॅशबोर्डवर मुंग्यांची रांग. वाफ धरायची ती धरलीच, आता ती बटाट्यावर धरत होती.

मग दादा आला. माझ्या तक्रारीमुळे नाही. त्याच्या जुन्या गाडीचा दिवा मी फोडला, यामुळे. त्याने दार उघडलं, वाकून आत पाहिलं आणि बाबांच्या बाजूची पायाखालची मॅट उचलली. खालचा गालिचा ओलाचिंब होता. दाबला की पाणी वर यायचं. दादा सरळ झाला, रुमालाने बोटं पुसली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे कधीपासून?"

"काय?"

"अगं, बाबांचं. त्यांना कंट्रोल राहत नाहीये. तुला कळलं नाही?"

मी म्हटलं, घरी तर एकदाही तसं झालं नाही.

"घरी बाथरूम दहा पावलांवर आहे. ट्रॅफिकमध्ये तास तास बसल्यावर काय करतील? बोलता येत नाही, सांगणार कसं? आणि तीच सगळी वाफ काचेवर चढते. डायपर घालत जा बाहेर नेताना. मी माझ्या सासऱ्यांच्या वेळी पाहिलंय."

त्याच्या बोलण्यात कुठेही फट नव्हती. मूर्खपणाला एकदा आत्मविश्वासाची इस्त्री झाली की तो तर्कासारखा दिसतो. घरी आठ महिन्यांत बाबांचं अंथरूण एकदाही ओलं झालं नव्हतं. रात्रीसुद्धा ते भिंत धरून स्वतः जात, दिवा स्वतः लावत, स्वतः मालवत. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी दादाचं खरं मानलं. का मानलं, याचं उत्तर मला आवडत नाही. माणूस बोलेनासा झाला की त्याच्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी पटायला लागतं.

मी वाकून त्या गालिचाचा वाससुद्धा घेतला नाही.

पुढच्या मंगळवारी गिरगावला निघण्यापूर्वी मी डायपर आणला. बाबा बाथरूममध्ये भिंतीवरची दांडी डाव्या हाताने धरून उभे होते. मी पाकीट फाडलं तेव्हा त्यांनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"फक्त गाडीपुरता," मी म्हटलं. "गाडीत पायाखाली ओलं होतंय ना, म्हणून."

त्यांच्याकडे तेव्हा चार-पाच शब्द उरले होते. हो, नको, आई, बस. गिरगावच्या बाई चित्रं दाखवून केळं आणि कप म्हणायला शिकवत होत्या. ते अजून जमत नव्हतं. बाबांनी जोरजोरात मान हलवली. "नको. नको." मग ओठ जुळवायचा प्रयत्न केला, मान ताठ झाली, घशातून आवाज निघाला, "ओ... ओल. ओल."

"हो, तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "ओलं होतंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पाय उचलला. मी त्यांना डायपर घातला. त्यावर पँट चढेना, म्हणून दादाच्या मापाची जुनी, सैल पँट घातली. सीटवर प्लास्टिक अंथरलं. रस्ताभर ते उजवीकडे, माझ्याकडे, एकदाही वळले नाहीत. काच धरली तेव्हा त्यांचा हात खटक्याकडे गेला नाही. मांडीवर पडून होता. लॅमिंग्टन रोडच्या वळणावर डॅशबोर्डच्या मागून पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला, तेव्हा मात्र त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मागे बाटली पडलीय." आणि गाडी चालवत राहिले.

गिरगावच्या बाईंनी त्या दिवशी पाऊण तास केळ्याचं चित्र धरलं. बाबांनी तोंड उघडलं नाही. निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरी काही झालंय का? आज ते प्रयत्नच करत नाहीयेत."

"वय आहे," मी म्हटलं.

असं आम्ही पाच वेळा केलं. पाच वेळा डायपर, पाच वेळा प्लास्टिक. पाचही वेळा घरी आल्यावर डायपर कोरडा निघाला. मी काय निष्कर्ष काढावा? मी मनात म्हटलं, बरं झालं, आता ताबा सुधारतोय.

मग बाईंनी आठवडाभर सुट्टी घेतली. बाबा घरीच होते. गुरुवारी मी एकटीच गाडी घेऊन दादरला गेले, ऑफिसच्या कामाने. दिवसभर उकडत होतं, परतताना मी एसी पूर्ण लावला. घरी पोचल्यावर पलीकडच्या सीटवरची पिशवी घ्यायला वाकले. पिशवी पायाशी घसरली होती. उचलली तर तिच्या तळातून पाणी गळलं.

बाबा आठवडाभर या गाडीत बसले नव्हते. मी मॅट उचलली. प्लास्टिक कोरडं, सीट कोरडी, आणि गालिचा चिंब. तेव्हा कुठे, तीन आठवड्यांनी, मी बोट बुडवून नाकाशी नेलं. कसलाही वास नव्हता. पाणी होतं. थंडगार, स्वच्छ पाणी.

मी वर गेले नाही. आल्या पावली गाडी बाहेर काढली आणि परळच्या एका गल्लीत नेली. तिथे गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा एक म्हातारा पत्र्याच्या शेडखाली बसतो. त्याने मॅटकडे पाहिलंही नाही. विचारलं, "वळताना आतून डुबुक डुबुक आवाज येतो का?"

"येतो."

"मग?"

त्या 'मग'मध्ये माझ्या एम.कॉम.ची, ऑफिसची, अध्यक्षांची, दादाची आणि सत्तर सल्ल्यांची किंमत झाली. तो गाडीखाली सरपटत गेला. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो, ते पाणी खाली रस्त्यावर सोडणारी एक बोटभर रबरी नळी असते. ती चिखलाने आणि केसांनी बुजली होती. त्याने तार घातली, मग तोंडाने फुंकर मारली, आणि काळं पाणी भसकन बाहेर आलं, त्याच्या बाहीवर आणि कानात. बादलीभर असेल. बाहेर जायला वाट नाही म्हणून ते इतके दिवस उलटं येऊन बाबांच्या पायाखाली मुरत होतं.

कान पुसत त्याने चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. "हे कुणी केलं?"

"भावाने."

"भाऊ शिकलेला आहे?"

"इंजिनिअर आहे."

"असू दे," तो म्हणाला, जणू एखाद्याचं व्यंग माफ करावं. त्याने पट्टी टराटरा काढली आणि खटका बाहेरच्या हवेवर सरकवला. मग सांगितलं: आत ओल आहे, माणसांचा श्वास आहे, छत्री आहे, आणि तीच हवा आत कोंडून ठेवली तर ती थंड काचेवर बसणार नाही तर काय करणार? बाहेरची हवा घ्या. पावसात एसी बंद करू नका, तोच ओल खातो. म्हाताऱ्यांना गार लागत असेल तर बटण गरमकडे वळवा, पण एसी चालू ठेवा. झोत काचेवर सोडा. काच आतून स्वच्छ सुक्या फडक्याने पुसा, तेलकट काचेवर वाफ जास्त धरते.

"यावर काय लावलंय?" त्याने काचेवर नख ओढून विचारलं.

बटाटा हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

गालिचा काढून त्याने दोन दिवस वाळवला. पण मी त्याच संध्याकाळी बाबांसमोर बसले. ते खिडकीपाशी खुर्चीत होते. मी सगळं सांगितलं: नळी, पाणी, पट्टी. "तुमचं नव्हतं ते," मी म्हटलं. "एसीचं पाणी होतं. तुम्ही ओल म्हणालात, ते हे म्हणत होतात ना? हवेतली ओल?"

"हो," बाबा म्हणाले.

"चुकलं माझं."

ते 'हो'सुद्धा म्हणाले नाहीत. मी जवळ जाऊन त्यांच्या हातावर हात ठेवला तर त्यांनी तो काढून घेतला, काठी उचलली आणि आतल्या खोलीत गेले. चार शब्द बोलणारा माणूस अबोला धरतो तेव्हा तो ओळखायला दोन दिवस लागतात. मला लागले. 'हो' आणि 'नको'च्या जागी नुसती मान हलायला लागली, आणि मग तीही थांबली. पुढे काच लख्ख राहू लागली, पण बाबा पुढच्या सीटवर बसेनात. दार मी उघडलं की ते काठीने मागचं दार दाखवत. मी त्यांना मागे बसवून, टॅक्सी चालवल्यासारखी, गिरगावला नेत-आणत होते.

दादाला मी फोन केला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "हां, ड्रेन पाईप. मला वाटलंच होतं."

"तुला वाटलं होतं?"

"अगं, शक्यता होतीच. मी फक्त एक पॉसिबिलिटी सांगितली. तू लगेच डायपर लावलास, त्याला मी काय करू?"

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. त्यातलं अर्धं खरं म्हणजे मलाच लागू होतं, म्हणून मी एवढंच म्हटलं, "रविवारी ये आणि बाबांची माफी माग."

तो आला. पेढे घेऊन आला. माफी मागण्याची ही त्याची पद्धत, आधी तोंड भरायचं. बाबांसमोर खुर्ची ओढून बसला आणि मोठ्याने, शब्द तोडून तोडून बोलायला लागला, जसं बहिऱ्याशी बोलतात. बाबांचे कान ठणठणीत आहेत.

"बाबा! एसी असतो ना! तो हवेतलं! मॉइश्चर काढतो! मॉइश्चर म्हणजे दमटपणा! हवा थंड झाली! की तिच्यात पाणी मावत नाही! मग ते पाणी सुटतं! कळलं?"

तेहतीस वर्षं दर तासाला हवेतलं पाणी मोजलेल्या माणसाला हा मुलगा समजावत होता की हवेत पाणी असतं. त्याने कागद मागवला. त्यावर एक चौकोन काढला, बाण काढले, नळी काढली. पेनाने बाबांच्या गुडघ्यावर टकटक करून त्यांचं लक्ष आहे ना, ते पाहिलं. वीस मिनिटं तो बोलत होता आणि त्यात 'चुकलं' हा शब्द एकदाही आला नाही. मी दाराशी उभी होते. थांबवू शकले असते, पण मला ते शेवटपर्यंत पाहायचं होतं, कारण त्याच्याकडे पाहताना, बाथरूममध्ये पाकीट फाडणारी बाई कशी दिसत असेल ते मला पहिल्यांदा नीट दिसत होतं. तोच आवाज, तोच समजूतदारपणा.

बाबांनी कागद डाव्या हातात घेतला. बाणांवरून नजर फिरवली. मग तो उलटा करून टीपॉयवर ठेवला आणि ओठ जुळवायला लागले. मान ताठ झाली. दादा पुढे झुकला. "बोला बाबा, बोला, सावकाश."

"गा," बाबा म्हणाले. "गा... गाढव."

इतकं स्वच्छ त्यांनी आठ-नऊ महिन्यांत काही म्हटलं नव्हतं. ढ-सुद्धा पुरता उमटला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"ऐकलंस की."

"कुणाला म्हणाले?"

बाबांनी काठी उचलली. तिचं टोक आधी दादाकडे केलं. मग सावकाश, मधली सगळी जागा ओलांडून, माझ्याकडे आणलं. तिथे ते जास्त वेळ थांबलं. मग काठी खाली टेकवून त्यांनी पेढ्यांच्या खोक्याकडे हात केला.

दादा पाच मिनिटांत उठला. खाली जाऊन त्याने स्वतःच्या नव्या गाडीचा खटका कुठे आहे ते पाहिलं का, मला माहीत नाही. पाहिलं असेल तर आपणच शोध लावला अशा थाटात आता वरळीत सांगत असेल.

मंगळवारी गिरगावच्या बाईंना मी नवा शब्द सांगितला. त्यांनी आनंदाने वही उघडली. "कुठलं चित्र दाखवलं होतंत?"

"चित्र नव्हतं," मी म्हटलं. "आम्ही दोघं भावंडं समोर होतो."

बाईंनी पेन थांबवून बाबांकडे पाहिलं. बाबा केळ्याच्या चित्राकडे अत्यंत तुच्छतेने बघत होते. त्या तासाला त्यांनी कप म्हटलं, घड्याळ अर्धं म्हटलं, केळं मात्र म्हटलंच नाही. परतताना पाऊस होता. मी सवयीने मागचं दार उघडून धरलं. ते थोडा वेळ काठीवर उभे राहिले, भिजत, आणि मग पुढच्या दाराच्या मुठीला त्यांनी स्वतः हात घातला. ती त्यांना डाव्या हाताने उघडेना. मी मदतीला वाकले.

"नको," ते म्हणाले. मी थांबले. तिसऱ्या झटक्याला दार उघडलं.